नीरेच्या खाऱ्या जमिनी आणि जॉन ड्यूई

‘चौकशी’ हा आपल्याकडे जरा बदनाम झालेला शब्द आहे. एखाद्याची चौकशी लागली म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. पण हाच शब्द आपण दुसऱ्या अर्थानेही वापरतो. कुणी आजारी असलं की त्याची चौकशी करायला जातो, आणि नाही गेलो तर तो मनाला लावून घेतो. म्हणजे एकीकडे संशय आणि दुसरीकडे काळजी. जॉन ड्यूई नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने आयुष्यभर ज्या ‘इन्क्वायरी’बद्दल लिहिलं, तिला मराठी पुस्तकांत कुठे अन्वेषण म्हणतात तर कुठे संशोधन. मला मात्र ‘चौकशी’च बरोबर वाटतो, कारण ड्यूईच्या म्हणण्यातही संशय आणि काळजी दोन्ही आहेत. ज्याचं काही अडलेलं नाही तो चौकशी करतच नाही, असं त्याचं साधं म्हणणं.

नातेवाईक वाचकांनो, घाबरू नका. आजचा विषय तत्त्वज्ञानाचा असला तरी तो आपल्या सोमेश्वरनगरच्या आसपासच घुटमळणार आहे. डाव्या कालव्याचं पाणी, ऊस आणि पांढरी पडलेली जमीन, एवढंच. इतर ब्लॉगमित्रांसाठी थोडा भूगोल. पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे नीरा गाव, तिथून बारामतीच्या रस्त्याला लागलं की वाटेत आमचा कारखाना आणि जवळच करंज्याचं सोमेश्वराचं देऊळ. उत्तरेच्या अंगाला कालवा, दक्षिणेला नीरा नदी आणि दोन्हींच्या मध्ये उसाची काळी जमीन. उतार नदीकडे. हा उतार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्या विचारपद्धतीला इंग्रजीत प्रॅग्मॅटिझम आणि मराठीत फलप्रामाण्यवाद असं जड नाव आहे, तिची सुरुवात चार्ल्स पर्स या माणसापासून धरतात. हा गृहस्थ प्राध्यापक म्हणून फार काळ कुठे टिकला नाही. त्याची बरीचशी नोकरी अमेरिकेच्या सरकारी किनारा-मोजणी खात्यात गेली. लंबक घेऊन गुरुत्वाकर्षण मोजत फिरायचं, हे त्याचं काम. रोज मोजमाप करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळलेली असते, ती म्हणजे आपलं मोजमाप चुकू शकतं. १८७७ साली त्याने एक निबंध लिहिला. माणसं आपली मतं पक्की कशी करतात, हा त्याचा विषय. तो म्हणतो, शंका ही बोचणारी गोष्ट आहे आणि ती घालवायला माणूस चार वाटा धरतो. एक हट्टाची. दुसरी अधिकाराची, म्हणजे कुणीतरी मोठ्याने सांगितलं म्हणून. तिसरी ‘बुद्धीला पटतं’ म्हणून. आणि चौथी, आपल्या मताबाहेर जे खरोखर आहे त्याला विचारून बघायची.

पर्स हे लिहीत होता त्या वेळी इकडे १८७६-७७चा दुष्काळ चालू होता. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे बारामती-इंदापूरकडे, दुष्काळी कामं निघाली. त्याच पर्वात नीरेचा डावा कालवा हाती घेतला गेला आणि १८८५ साली त्यात पाणी आलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे. पण इतिहास वाचताना असे योगायोग दिसले की बरं वाटतं, काय करणार.

कालवा बांधणाऱ्यांची कल्पना तशी सरळ होती. पाऊस दगा देतो, पाणी दिलं की शेतकरी वाचेल. ही पर्सची तिसरी वाट. कागदावर कुणालाही पटेल अशी. झालं भलतंच. बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीवाला शेतकरी पाणी घेईना, कारण त्याला पट्टी भरायची होती आणि गरज नव्हती. पाऊस गेला की सगळेच एकदम पाणी मागणार, आणि तेवढं पाणी कालव्यात नसणार. दख्खनच्या बहुतेक कालव्यांची ही कथा आहे. मग खर्च भरून निघावा म्हणून बारमाही पिकाला, म्हणजे उसाला, वाव मिळाला. या कामात तरबेज होते सासवडचे माळी. भांडवल, खत आणि गुऱ्हाळ सांभाळायची त्यांची तयारी होती. कालव्याच्या कडेने जमिनी खंडाने घेत ते खाली सरकत गेले. पुढे हीच मंडळी इतर कालव्यांवरही गेली आणि १९३०च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. आपण सहकाराचा इतिहास सांगताना या लोकांना फार घाईने ओलांडून जातो, असं माझं मत आहे. कुठली जमीन किती पाणी पिते हे त्यांनी पुस्तकाशिवाय, खिशाला चाट लावून शोधून काढलं होतं.

ऊस आला तसा गोंधळही आला. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, आणि त्यांना पाणी पोचवायला मैलोन् मैल चाऱ्या. पाणी मुरायचं वाटेतच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या पाटबंधारे खात्यात असलेल्या विश्वेश्वरय्यांनी यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. जमिनीचे एकगठ्ठा ब्लॉक करायचे, त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची आणि ब्लॉकच्या एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा. बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि ऊस दरवर्षी जागा बदलत फिरणार. विश्वेश्वरय्यांचं नाव आपण अभियंतादिनाच्या हारापुरतं घेतो. मला त्यांची ही युक्ती त्यांच्या धरणांपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यात पाणी, जमीन आणि माणसाची वागणूक या तिन्हींचा एकत्र विचार आहे.

पण कुठलंही उत्तर नवा प्रश्न घेऊन येतं. कालवा सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षं होतात न होतात तोच नीरेच्या खोऱ्यात जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. उन्हाळ्यात वर मिठासारखा थर, पावसाळ्यात चिखल, आणि पीक पिवळं.

या वेळी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मॅन होते. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आधी चहाच्या मळ्यांसाठी काम केलेले, १९०७ साली पुण्यात आलेले. (पुढे १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या खेड्यातल्या घराघराचा जमाखर्च मांडणारं पुस्तक लिहिलं. आज त्या खेड्यात आयटीवाले फ्लॅट घेतात!) मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका काढली. आपल्या भागातल्या मातीवरचा हा पहिला मोठा शास्त्रीय दस्तऐवज म्हणायला हरकत नाही. तिचा सारांश असा, की रोग वर दिसत असला तरी मूळ खाली आहे. कालवा आणि उसाचं पाणी जमिनीत मुरत राहिलं, जमिनीखालचं पाणी वर चढलं, येताना क्षार घेऊन आलं, आणि वरचं पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहिले. म्हणून वरून काही शिंपडून भागणार नाही, खालच्या पाण्याला वाट करून द्यायला हवी.

आणि हो, त्याच १९१० साली तिकडे ड्यूईचं ‘हाऊ वी थिंक’ आलं. आपण विचार कसा करतो, हे त्यात त्याने पायरीपायरीने दाखवलंय. आधी काहीतरी अडतं. मग नेमकं काय अडलंय ते ठरवावं लागतं. मग एखादी कल्पना सुचते. ती खरी असेल तर आणखी काय काय दिसायला हवं, याचा हिशोब करायचा. आणि शेवटी जाऊन बघायचं. मॅन-ताम्हाण्यांनी ड्यूई वाचला असण्याचं काही कारण नाही. पण जमीन खराब झाली, एवढ्यावर न थांबता ती कुठे, कालव्यापासून किती खाली, किती खोलीवर पाणी असताना खराब झाली, हे विचारणं म्हणजे दुसरी पायरी. आणि आपली बहुतेक माणसं, घरातली आणि ऑफिसातलीही, पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात.

पाणथळीचा हा प्रश्न इतका वाढला की १९१६ साली मुंबई सरकारने त्यासाठी पाटबंधारे खात्यात एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस नावाचा अभियंता तिथे निचऱ्यावर काम करत होता. त्या विभागाचं पुढे काय झालं ठाऊक आहे? आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, ती हीच. धरणांची मोठमोठी मॉडेलं बघायला शाळेच्या सहली जातात तिथे. तिचं मूळ आपल्यासारख्यांच्या पांढऱ्या पडलेल्या रानात आहे, हे सहलीत कुणी सांगत नाही.

आता या सगळ्याचा एक धागा महाराष्ट्रातून थेट ड्यूईपर्यंत जातो. १९१३ साली एक तरुण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ड्यूई तिथे शिकवत होता, आणि ड्यूई स्वतः विद्यार्थीदशेत पर्सच्या तर्कशास्त्राच्या व्याख्यानांना बसलेला. म्हणजे भीमराव आंबेडकर हे पर्सचे नातशिष्यच म्हणायचे. बाबासाहेबांनी ड्यूईचं ऋण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) उघड मान्य केलंय. १९५२च्या जूनमध्ये ते मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला निघाले असतानाच ड्यूई गेला. त्या वेळी घरी लिहिलेल्या पत्रातही त्यांनी आपलं बौद्धिक आयुष्य या माणसामुळे घडल्याचं सांगितलं.

पण मला इथे बाबासाहेबांचा कमी वाचला जाणारा एक लेख सांगायचाय. १९१८चा, भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवरचा. त्या काळी सगळे तज्ज्ञ म्हणत होते की जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती तोट्यात आहे, तुकडे जोडा. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी ‘परवडणारी जमीन’ म्हणजे ज्यात कुटुंब बऱ्यापैकी सुखात राहील एवढी, अशी व्याख्या केली होती. बाबासाहेबांनी या व्याख्येलाच हात घातला. कुटुंब खातं किती यावरून जमीन लहान की मोठी हे कसं ठरणार? शेती हा धंदा आहे. त्यात बैल, अवजारं, भांडवल, माणसं किती आहेत त्यावर जमिनीचा आकार योग्य की अयोग्य ते ठरेल. तीन एकरसुद्धा मोठी असू शकते, तीस एकरही लहान. खरी अडचण ही की जमिनीवर फार माणसं अवलंबून आहेत, आणि त्यांना काम देणारे उद्योग नाहीत. हा लेख वाचताना मला नेहमी वाटतं, हे ड्यूईच्या दुसऱ्या पायरीचं मराठी मुलुखातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. सगळे उत्तरावर भांडत असताना या सत्तावीस वर्षांच्या माणसाने विचारलं, तुमचा प्रश्न तरी बरोबर आहे का?

१९३६च्या पुस्तकात त्यांनी आणखी एक भेद सांगितलाय, नियम आणि तत्त्व यांच्यातला. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व सांगतं, या बाजूने विचार करून मग ठरव. नियम पाळणाऱ्याची जबाबदारी पाळण्यापुरती, तत्त्वाने चालणाऱ्यावर निर्णयाची जबाबदारी येते. त्यांनी हे धर्माबद्दल लिहिलं होतं. मी ते शेताबद्दल वाचलं, बाबासाहेबांची क्षमा मागून.

कारण आमच्याकडे प्रश्न असा पडला होता. भावकीतलं साडेतीन एकराचं एक रान आहे, ओढ्याच्या अंगाचं. काकांच्या काळात ते आमचं सगळ्यात चांगलं रान मानलं जायचं. काका डायरी लिहायचे. कारखान्याकडून मिळालेली, लाल पुठ्ठ्याची. पाण्याची पाळी कधी आली, खत किती टाकलं, कुठल्या रानातून किती टन गेले. त्यात या रानाचा ऊस साठ टनांच्या घरात दिसतो. काका गेल्यावर चुलतभावाने नोंदी चालू ठेवल्या, आणि त्याच्या शेवटच्या नोंदीत आकडा तिशीच्याही खाली आलेला. एकरी म्हणतोय. अशात एका पार्टीने बरा भाव सांगितला. चुलतभावाच्या मुलीचं शिक्षण समोर होतं. काकूंना मात्र विकायचं नव्हतं. घरात कुणी आवाज चढवला नाही, पण जेवताना लोक एकमेकांकडे बघेनात. अशा वेळी घर कसं होतं हे सांगायला नको.

आणि मतं तर होतीच. पर्सच्या चारही वाटा एका ओसरीवर! थोरले चुलते म्हणत, याच रानात मी ऊस काढलाय, रान काही वाईट नाही, तुम्ही पोरं कष्टाला कमी पडता. औषधांच्या दुकानातून सल्ला आला होता की जिप्सम टाका. एका मेहुण्यांचं म्हणणं, उसाला पाणी लागतंच, पाणी कमी पडत असणार, ड्रिप करा. मी पुण्यात एका कारखान्यात मशिनरीच्या देखभालीचं काम करतो, म्हणून मला ‘तुझं काय मत’ असं विचारलं गेलं. माझं मत नव्हतं. माझ्याकडे प्रश्न होते.

कामाच्या सवयीचा भाग असतो तो. आमच्याकडे मागे एक कॉम्प्रेसर दुपारी बंद पडायचा. सगळ्यांना खात्री, सेन्सर खराब. दोनदा बदलला तरी तेच. मग आमच्यातल्या एका जुन्या फिटरने फक्त एक वही ठेवली. किती वाजता बंद पडला आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं. दहा दिवसांत दिसलं की शेजारची भट्टी चालू असली की हा पडतो. भट्टीची गरम हवा याच्या तोंडाशी येत होती. फिटर सातवी शिकलेला. ड्यूईला फार आवडला असता.

तर रानाकडे. पहिला प्रश्न शब्दाचाच निघाला. आमच्याकडे खराब जमिनीला कुणी खारवट म्हणतं, कुणी चोपण, दोन्ही एकच असल्यासारखं. पर्सने १८७८ साली लिहिलेल्या पुढच्या निबंधात एक कसोटी दिलीय. एखाद्या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा तर तो शब्द लागू असेल तेव्हा प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बघा. मग इथे बघा. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. चांगलं पाणी देऊन ते धुऊन खाली घालवले आणि त्या पाण्याला बाहेर जायला वाट दिली की जमीन सुधारते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, माती दाट होते, पाणी वरच साचतं. तिथे धुऊन भागत नाही, जिप्सम द्यावं लागतं. म्हणजे दोन शब्दांतला फरक हा जिप्समच्या ट्रॉल्यांचा आणि त्यांच्या बिलाचा फरक आहे. आणि दोन्हीकडे एक गोष्ट समान, निचरा नसेल तर दोन्ही उपाय वाया. माती तपासून आणली. सामू साडेआठच्या खाली, क्षारता मात्र चांगलीच वर. म्हणजे आमचं रान मुख्यतः खारवट. जिप्समचा खर्च वाचला.

मग पाणी कुठून येतं? तीन शक्यता. आपणच जास्त देतो. किंवा वरून, कालव्याकडून झिरपतं. किंवा येतं तेवढंच आहे पण खाली जायची वाट बुजलीय. तिन्ही पटण्यासारख्या. पण तिन्ही एकसारख्या दिसणार नाहीत. म्हणून सात-सात फुटांचे तीन भोकाचे पीव्हीसी पाईप रानात उभे पुरले, एक वर कालव्याच्या अंगाला, एक मधे, एक खाली ओढ्याजवळ. चार-चार दिवसांनी काठी घालून आतलं पाणी किती खोल ते मोजायचं. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं, आपलं पाणी एक पाळीभर द्यायचं नाही असं ठरलं. थोरले चुलते हसले. म्हणाले, पाईप लावून ऊस येतोय होय!

कालव्याची पाळी सुटली. आम्ही थेंब दिला नव्हता, तरी वरच्या पाईपात पाणी चढलं, मग मधल्यात, शेवटी खालच्यात. पाळी बंद झाल्यावर वरच्यातलं पंधरवड्यात उतरलं. खालच्यातलं उतरेचना. जमिनीखाली दीड फुटावर तसंच उभं. उसाची मुळं त्यात बुडणार नाहीत तर काय होईल?

यातून एक शक्यता एकटी उरत नाही, हे बरोबर. पाणी कालव्याचं की पाळी चालू असताना वरच्या शेतकऱ्याने दिलेलं, हे आमचे तीन पाईप सांगू शकत नाहीत. पण गंमत अशी की आमच्या निर्णयासाठी ते कळायची गरजच नव्हती. कुठूनही येवो, खाली अडकतंय हे दिसलं होतं. सगळं कळेपर्यंत थांबणं ही चौकशी नव्हे. ज्या फरकाने पुढच्या कृतीत फरक पडत नाही तो तूर्तास बाजूला ठेवायचा, हे फलप्रामाण्यवाद्यांकडून उचलण्यासारखं आहे. लोक या पद्धतीला ‘जमेल ते करा’ असं समजतात, त्याचा पर्सलाही वैताग होता. शेवटी त्याने आपल्या विचाराचं नाव बदलून मुद्दाम इतकं ओबडधोबड ठेवलं की ते कुणी पळवणार नाही.

खाली अडकतंय ते का, याचं उत्तर मात्र पाईपांनी दिलं नाही. ते दिलं रात्रीचं पाणी धरणाऱ्या गड्याने. वीस वर्षं तो त्या रानात रात्री अनवाणी उभा राहिलेला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने सांगितलं की खालच्या कोपऱ्यात पाय पहिल्यापासून रुतत नव्हता, ओढ्याचं पात्र खालच्या लोकांनी भरून घेतलं आणि त्यात ऊस लावला, तेव्हापासून रुततो. काकांच्या डायरीत टन घसरायला लागले तेही त्याच सुमारास. बाबासाहेबांनी समाजाबद्दल लिहिताना झिरपण्याचाच शब्द वापरलाय, ड्यूईकडूनच आलेला. माणसांच्या गटांमध्ये अनुभव इकडून तिकडे झिरपला पाहिजे, जात तो अडवते, म्हणून समाजाला आपले प्रश्न एकत्र सोडवता येत नाहीत. आमच्या रानात पाणी नको तिथे झिरपत होतं, आणि माहिती हवी तिथे झिरपत नव्हती. तो गडी ओसरीवर येऊन बसत नाही, उंबऱ्याशी उभा राहतो. का, ते तुम्हाला माहीत आहे. पर्स म्हणायचा की सत्य हे चौकशी करणाऱ्यांच्या समूहाला सापडतं. त्या समूहात कुणाला बसायला पोतं टाकलं जातं आणि कुणाला नाही, हे त्याने फारसं पाहिलं नाही. बाबासाहेबांनी पाहिलं.

ओढा पाच जणांच्या बांधाला लागून आहे. चौघे तयार झाले. पाचव्याचा ऊस पात्रातच उभा होता. चुलतभाऊ वही घेऊन त्याच्याकडे गेला, मग काकू गेल्या. नेमकं कशाने काम झालं ते देव जाणे. माझा अंदाज, त्याच्याही रानाची कड पांढरी पडायला लागली होती. ऊस तुटून गेल्यावर त्याने आपल्या हद्दीतलं काढू दिलं. पावसाळ्याआधी जेसीबी लावून ओढा मोकळा झाला.

हंगाम मात्र कुणासाठी थांबत नाही. अडसाली लागण जुलै-ऑगस्टातच व्हायला हवी, आणि त्या वेळी आमच्याकडे ओढा काढल्यानंतरच्या जेमतेम दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. ऊस लावायचा की नाही? नीरेच्या पलीकडे पाडेगावला १९३२पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे ‘नीरा’ म्हणून ओळखला जाणारा को ८६०३२ आणि नंतरचा फुले २६५, हे वाण महाराष्ट्रात रुजवण्यात त्याचा मोठा हात आहे. २६५ खाऱ्या जमिनीत तग धरतो म्हणून तोच लावा, असा आग्रह होता. सल्ला चुकीचा नाही. पण तग धरणारं पीक लावून रोगाशी जुळवून घ्यायचं की रोग जातो का ते आधी बघायचं, असा प्रश्न होता. शेवटी एक एकरात २६५ लावला, बाकी रानात धैंचा पेरून गाडला आणि पावसाचं पाणी बांध घालून मुरू दिलं, क्षार धुऊन जावेत म्हणून. थोरल्या चुलत्यांना हे मुळीच पटलेलं नाही. अडीच एकर पड ठेवणं त्यांच्या जिवावर येतं, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर तेही समजतं.

विक्रीचं काय? चुलतभावाने एक काम केलं जे मला फार आवडलं. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर, सगळ्यांसमोर, आधीच लिहून ठेवलं. येत्या मार्चमध्ये पाळी बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी खालच्या पाईपातलं पाणी चार फुटांच्या खाली गेलेलं असलं तर रान ठेवायचं आणि सच्छिद्र पाईपांचा निचरा करायला कर्ज काढायचं. नाही गेलं तर विकायचं, आणि मग कुणी कुणाला बोलायचं नाही. खाली त्याची सही, काकूंची सही. थोरल्या चुलत्यांनी सही केली नाही, पण दर चार दिवसांनी काठी घेऊन पाईपापाशी तेच जातात. म्हणे पोरांना नीट मोजता येत नाही.

पावसाळ्यानंतरची नोंद तीन फुटांची आहे. मार्चची यायचीय.